होमस्टे: ऑस्ट्रेलियातल्या कुटुंबात राहून शिकायचं असेल तर

होमस्टे आणि पेइंग गेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सदाशिव पेठेतल्या काकूंकडे कॉट घेऊन राहणं आणि मेलबर्नच्या एखाद्या उपनगरात अनोळखी कुटुंबात राहणं यांत पैसे देऊन छप्पर मिळतं एवढंच साम्य. पीजीत नियम तोंडावर सांगितलेले असतात: रात्री दहाला दार बंद, पाहुणे चालणार नाहीत, गिझर सकाळी सात ते आठ. होमस्टेत असं कुणी बजावत नाही. यजमानीण हसून ‘मेक युअरसेल्फ ॲट होम’ म्हणते. मग एखादा मुलगा ते शब्दशः घेऊन रात्री बाराला फोडणी टाकतो, आणि एखादी मुलगी संकोचाने खोलीबाहेरच येत नाही. तीन आठवड्यांनी दोन्हीकडून होमस्टे ठरवून देणाऱ्या एजन्सीच्या कोऑर्डिनेटरला फोन जातो. यातली बहुतेक भांडणं विचारायचं राहून गेलेल्या साध्यासुध्या गोष्टींवरून होतात. त्या कोणत्या, आणि कुठल्या टप्प्यावर विचारायच्या, ते इथे दिलं आहे. उदाहरणं ऑस्ट्रेलियाची, त्यातही जास्त मेलबर्नची आहेत.

पैशांचा हिशेब आठवड्याने

ऑस्ट्रेलियात भाडं आठवड्यावर ठरतं. मेलबर्न-सिडनीत स्वतंत्र खोली आणि दोन जेवणं असलेल्या होमस्टेला आठवड्याला साधारण ३५० ते ४५० ऑस्ट्रेलियन डॉलर पडतात. ॲडलेडसारख्या शहरात थोडे कमी. आपल्याकडे महिन्याचा हिशेब करायची सवय, म्हणून घरी बाबा ३८० ला ४ ने गुणून महिन्याला १,५२० लिहून ठेवतात. पण वर्षाचे आठवडे ५२. म्हणजे ३८० गुणिले ५२, वर्षाला १९,७६०, महिन्याला सुमारे १,६४७. पूर्ण चार आठवड्यांचं भाडं हिशेबातून निसटतं आणि ते नेमकं परीक्षेच्या सुमाराला आठवतं. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे २९,७१० डॉलर दाखवावे लागतात (१० मे २०२४ पासूनचा आकडा). त्यातले दोन तृतीयांश होमस्टेतच जातात हे धरूनच पुढचं बजेट मांडा.

या रकमेत सहसा वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, पलंग, गादी, अंथरूण-पांघरूण आणि अभ्यासाचं टेबल येतं. ‘हाफ बोर्ड’ म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारचं तुमचं तुम्ही. शनिवार-रविवारी तिन्ही वेळचं जेवण देतात का, हे करारात पाहा. नाश्ता म्हणजे बहुधा सीरिअल, दूध, ब्रेड, जॅम, आणि तो आपल्या हाताने घ्यायचा असतो. गरम पोह्यांची वाट पाहत बसू नका. शिवाय एजन्सी एकदाच काहीशे डॉलरचं प्लेसमेंट शुल्क घेते, ते बहुतेक वेळा परत मिळत नाही.

सही करण्याआधी करारात चार गोष्टी शोधा: किमान मुक्काम किती (बऱ्याचदा चार आठवडे), सोडताना नोटीस किती (बहुधा दोन आठवडे), सुट्टीत भारतात गेल्यावर खोली राखून ठेवायला किती भरायचं (काही ठिकाणी निम्मं भाडं), आणि आगाऊ भरलेल्यातलं काय परत मिळतं. पहिल्यांदा जाताना चार आठवड्यांचंच बुकिंग करावं, हे आमचं ठाम मत आहे. जमलं तर मुदत वाढवता येते. सहा महिन्यांचे पैसे भरून बसलात तर न जमणाऱ्या घरात सहा महिने काढावे लागतात. होमस्टेत तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता, ‘बोर्डर’ किंवा ‘लॉजर’ असता, म्हणजे दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहणारे. न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात भाडेकरूला मिळणारं बरंचसं संरक्षण त्यांना लागू होत नाही. करार नीट वाचायला सांगतो तो याचसाठी.

वय अठराच्या आत असेल तर गोष्ट वेगळी. राहण्याची आणि देखभालीची जबाबदारी शिक्षणसंस्थेने घेतली असेल तर ती त्याचं लेखी पत्र देते, आणि व्हिसाच्या ८५३२ या अटीनुसार तीच व्यवस्था टिकवावी लागते. घरातल्या प्रौढांनी ‘वर्किंग विथ चिल्ड्रेन चेक’ (मुलांच्या सुरक्षेसाठी होणारी पार्श्वभूमीची तपासणी) काढलेला असावा लागतो. घर आवडलं नाही म्हणून मित्राकडे राहायला गेलो, असं या वयात चालत नाही. त्याने थेट व्हिसा अडचणीत येतो. आधी संस्थेची परवानगी, मग सामान हलवायचं.

घर एखाद्या जाहिरातीतून स्वतःच शोधलं असेल तर व्हिडिओ कॉलवर खोली, स्वयंपाकघर आणि समोरचा रस्ता दाखवायला सांगा. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियर करतो’ असं कुणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबवा.

अर्जातला जेवणाचा रकाना

होमस्टेच्या अर्जात ‘डाएटरी रिक्वायरमेंट्स’ असा रकाना असतो. आपली मुलं तिथे ‘व्हेज’ हा एकच शब्द लिहून मोकळी होतात. तिथल्या अनेक घरांत व्हेजिटेरियन माणूस मासे खातो. ज्यांना तसं वाटत नाही, त्यांच्याही भाज्यांच्या सूपमध्ये चिकन स्टॉकची पूड असते, कारण त्यांच्या लेखी ते मीठ-मसाल्यात जमा. यजमान व्हिएतनामी किंवा चिनी वंशाचे असले तर परतलेल्या भाजीत फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात. जेली, मार्शमॅलो आणि काही दह्यांत जिलेटिन असतं.

म्हणून सरळ यादी लिहा: मांस, कोंबडी, मासे, कोळंबी-शिंपले खात नाही. चिकन किंवा बीफ स्टॉक, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, जिलेटिन चालत नाही. दूध, दही, चीज, लोणी चालतं. अंडं केकमध्ये चालतं, नुसतं नाही. किंवा अजिबात चालत नाही. ज्या तव्यावर मांस भाजलं तोच धुऊन वापरला तर चालेल की नाही, तेही लिहून टाका. मांसाहारी असाल आणि फक्त बीफ किंवा पोर्क चालत नसेल तर तेवढंच लिहा, आणि सोबत हॅम आणि बेकन म्हणजे पोर्कच हे स्वतःही लक्षात ठेवा.

नुसतं ‘काय चालत नाही’ सांगितलं की यजमान गोंधळतात आणि आठवडाभर पास्ता नाही तर चीज सँडविच पुढे येतं. ‘काय चालतं’ हेही सांगा. कोल्स आणि वूलवर्थ्स या सुपरमार्केटांत डबाबंद छोले, राजमा, मसूर, शिवाय टोफू, पनीर, शेंगदाण्याचं बटर सहज मिळतं. ही नावं दिली की यजमानांची खरेदी सोपी होते. जैन असाल, कांदा-लसूणही चालत नसेल, तर दोन जेवणांचं होमस्टे घेऊच नका. ‘सेल्फ केटर्ड’ होमस्टे मिळतं, ते स्वस्तही पडतं आणि स्वयंपाक तुमच्या हातात राहतो.

उपासाचं आधी सांगितलेलं बरं. ‘फास्टिंग’ म्हटलं की समोरच्याला पूर्ण निराहार वाटतो आणि मुलगी आजारी तर नाही ना अशी काळजी लागते. एकादशी, संकष्टी किंवा जे करत असाल त्याच्या तारखा महिन्याच्या सुरुवातीला कळवा, आणि त्या दिवशी उकडलेला बटाटा, दही, फळं, दाणे चालतात हेही सांगा. संकष्टीचा चंद्रोदय मात्र मेलबर्नचा बघा. तिथल्या उन्हाळ्यात चंद्र उगवायला रात्रीचे दहा वाजून जातात, आणि घरातलं जेवण साडेसहाला उरकलेलं असतं. त्या रात्री ताट झाकून ठेवायला सांगून मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घ्यावं हे उत्तम.

बॅगेत काय

विमानात मिळणाऱ्या प्रवासी कार्डावर ‘अन्नपदार्थ आहेत का’ या प्रश्नाला होय लिहा. मेतकूट, गोडा मसाला, चकली, काहीही असो, होयच. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो आणि व्हिसावरही गदा येऊ शकते. पेढे, बर्फी, कलाकंद असल्या दुधाच्या मिठाया नेऊ नका. कढीपत्ता ताजा नको आणि वाळवलेलाही नको. पेरता येईल असं बी नको. आईने प्रेमाने बांधून दिलेला घरगुती डबा अधिकाऱ्याला उघडून समजावत बसण्यापेक्षा कारखान्यात बंद झालेलं, लेबल असलेलं पाकीट बरं. उरलेलं सगळं मेलबर्नच्या डँडेनाँगला किंवा सिडनीच्या हॅरिस पार्कला मिळतं, अगदी भाजणीसुद्धा शोधली तर सापडते.

वीज २३० व्होल्टचीच आहे, त्यामुळे कन्व्हर्टर नको, पण सॉकेटच्या पिना चपट्या आणि तिरक्या असतात. असे दोन ॲडॉप्टर आणि आपली एक एक्स्टेंशन वायर न्या, म्हणजे एका ॲडॉप्टरवर लॅपटॉप, फोन दोन्ही चालतात. कुकर न्यायचा असेल तर तळ इंडक्शनवर चालणारा आहे ना ते पाहून घ्या. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, बऱ्याच नव्या घरांत गॅस जोडणीच नसते, आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर ढिम्म तापत नाही.

यजमानांसाठी भेट लहान असू द्या. वारली चित्राचं कापडी टेबल रनर चालेल. लाकडी वस्तू नेली तर तीही जाहीर करावी लागते.

पहिले दोन दिवस

पहिल्या संध्याकाळी यजमान घर दाखवतात. तुम्ही प्रवासाने अर्धवट झोपेत असता आणि प्रत्येक वाक्याला ‘येस, येस’ म्हणत जाता. त्यातलं निम्मं डोक्यात शिरत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा विचारा, फोनमध्ये लिहून घ्या, आणि तीच यादी मेसेज करून यजमानांना पाठवा: ‘मी बरोबर समजलो ना?’ या एका मेसेजने पुढची कितीतरी कटकट वाचते.

विचारायचं ते असं. किल्ली हरवली तर खर्च कुणाचा, आणि अलार्मचा कोड आहे का. सकाळी बाथरूम कोण कधी वापरतं. कपडे धुण्याचा माझा वार कोणता. फ्रीजमधला कुठला कप्पा माझा, आणि ‘हेल्प युअरसेल्फ’ म्हणजे नेमकं काय काय घ्यायचं. फळं आणि दूध बहुधा सगळ्यांचं असतं, पण केकचा शेवटचा तुकडा कुणाचा तरी असतो. बूट दारात काढायचे की आत चालतात. मैत्रीण आली तर किती वाजेपर्यंत. रात्री जेवायला येणार नसेन तर किती वाजेपर्यंत कळवायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक घरांत स्वयंपाक पाचला सुरू होतो, म्हणून दुपारी तीन-चारच्या आत मेसेज गेला पाहिजे. न कळवता दोनदा उशीर झाला की यजमानांचा चेहरा बदलतो. शिकता शिकता नोकरी करणार असाल तर शिफ्टचं वेळापत्रक आठवड्याच्या सुरुवातीलाच फ्रीजवर लावा. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपर्यंत काम करता येतं, त्यामुळे जेवणं चुकणारच.

कचऱ्याचंही विचारा. डब्यांच्या झाकणांचे रंग: पिवळं रिसायकलिंगचं, हिरवं बागेच्या आणि अन्नाच्या कचऱ्याचं, लाल किंवा गडद रंगाचं बाकी सगळ्याचं, व्हिक्टोरियात काही ठिकाणी काचेसाठी जांभळंही असतं. डबे रस्त्यावर लावण्याची रात्र ठरलेली असते. ते काम आपणहून अंगावर घेतलंत तर घरात तुमचा भाव वधारतो, आणि ते जमायला इंग्रजी लागत नाही.

आणि एक सरकारी काम: पोहोचल्यापासून ७ दिवसांत राहण्याचा पत्ता शिक्षणसंस्थेला कळवायचा. पुढे घर बदललं तरी ७ दिवसांतच.

न्हाणीघर, थंडी, गादी

आपलं न्हाणीघर ओलं असतं, त्यांचं कोरडं. शॉवरच्या काचेबाहेर जमिनीला बऱ्याच घरांत मोरीच नसते. बादली-तांब्याने बाहेर आंघोळ केली तर पाणी लाकडी पट्ट्यांत किंवा शेजारच्या खोलीच्या कार्पेटमध्ये मुरतं, आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. शॉवर पडद्याच्या किंवा काचेच्या आतच घ्या, बाहेर येताना पायपुसणं वापरा, आणि शेवटी काचेवरचं पाणी रबरी पट्टीने ओढून पंखा चालू ठेवा, नाहीतर छताला बुरशी धरते. पाण्याची टाकी तापवणारी यंत्रणा असेल तर गरम पाणी मोजकंच असतं. पंधरा मिनिटं शॉवर घेतलात की तुमच्या मागचा माणूस थंड पाण्यात. मेलबर्नमध्ये दर माणशी रोज १५० लिटर पाणी वापरण्याचं उद्दिष्ट आहे, तेव्हा चार-पाच मिनिटांत उरका.

टॉयलेटमध्ये जेट स्प्रे नसतो. बाटली वापरायची तर खुशाल वापरा, पण जमीन आणि सीट कोरडी करून या. वेट वाइप्स टाकून फ्लश केलं की पाइप तुंबतो आणि प्लंबरचा खर्च शेकड्यांत जातो.

जुलैत येणारी मुलं पावसाळ्यातून निघून सरळ हिवाळ्यात उतरतात. मेलबर्नची थंडी तशी काही हिमालयातली नाही, पहाटे सहा-सात अंश, पण जुनी घरं आतूनही गार असतात आणि हीटर रात्री बंद करतात. पलंगावर चादर, तिच्यावर कव्हर घातलेली जाड रजई असते. तिला तिथे डूना म्हणतात. आपली मुलं वरचं सगळं तसंच ठेवून त्याच्यावर झोपतात, अंगावर घरून आणलेली शाल घेतात, आणि रात्रभर कुडकुडतात. डूनाच्या आत शिरायचं असतं. तरी थंडी वाजली तर आणखी एक पांघरूण मागा, किंवा गरम पाण्याची पिशवी घ्या. खोलीत रात्रभर प्लगचा हीटर लावून झोपू नका.

केसांना तेल लावत असाल तर उशीवर जुना टॉवेल टाका. पांढऱ्या उशीवरचा पॅराशूटचा पिवळट गोल डाग पहिल्याच आठवड्यात यजमानांच्या नजरेत भरतो आणि धुऊन सहसा जात नाही.

फोडणी आणि बाकीचं स्वयंपाकघर

इथे जरा थांबून वाचा. सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या इथून.

फोडणीचा धूर डोळ्यांना दिसत नाही तेव्हाच अलार्मला दिसतो. घराघरांत छताला धुराचे अलार्म असतात. तेलाला धूर सुटेपर्यंत तापवून मोहरी टाकायची आपली सवय. वर लाल मिरची करपली की बाहेरच्या पॅसेजमधला अलार्म ठणाणा करतो, तान्हं मूल उठतं, कुत्रा भुंकतो. एखाद्या घरातला अलार्म वाजतो आणि थांबतो. विद्यार्थी वसतिगृहात असता तर अग्निशमन दल आलं असतं आणि खोट्या हाकेचं बिल वसूल झालं असतं. तेव्हा घरातच शिकून घ्या: आधी चुलीवरचा एक्झॉस्ट पूर्ण वेगावर, खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद. तेल मध्यम आचेवर, एक मोहरी टाकून ती तडतडली की बाकीची, लगेच झाकण. हळद-हिंग आच बंद केल्यावर. इंडक्शन एकदम तापतं, म्हणून नऊपैकी पाच-सहाच्या वर जाऊ नका. अलार्म वाजलाच तर त्याच्याखाली टॉवेल हलवा, दारं उघडा. त्याची बॅटरी काढू नका.

हळद पांढऱ्या ओट्यावर सांडली तर तिथल्या तिथे पुसा, रात्रभर राहिली की डाग पक्का बसतो. प्लास्टिकचे डाव, पांढरा स्पंज आणि यजमानांचा टी टॉवेल (भांडी पुसायचं फडकं) हळदीपासून दूर ठेवा. आपले दोन स्वस्त लाकडी डाव आणि एक काळं फडकं विकत घ्या, चार-पाच डॉलरचा प्रश्न आहे.

कुकरची शिट्टी म्हणजे तिथल्या अनेकांना स्फोटाचीच पूर्वसूचना वाटते. पहिल्यांदा लावण्याआधी यजमानांना बोलावून दाखवा, काय होणार ते सांगा, आणि पहिली शिट्टी होताना ते समोर असू द्या. मग कुणी घाबरत नाही. लोखंडी तवा आणि नॉनस्टिक भांडी डिशवॉशरमध्ये टाकू नका. तवा गंजतो, नॉनस्टिकचा थर जातो. कुकरची रबरी रिंगही हातानेच धुवा. तेल सिंकमध्ये ओतू नका. रिकाम्या डब्यात गार करून कचऱ्यात टाका.

वास हा वेगळा विषय. हिंग, लसूण, सुकट यांचा वास पडद्यांत आणि सोफ्यात दोन दिवस राहतो, आणि शेजारच्या हँगरवरचे कोट आधी पकडतात. सुकट-बोंबील होमस्टेत नकोच. बाकी स्वयंपाकाला वार ठरवून घ्या: समजा शनिवार दुपार, यजमान बाहेर असताना, नंतर अर्धा तास पंखा चालू. एखाद्या रविवारी तुम्ही सगळ्यांसाठी जेवण करता म्हणालात तर बहुतेक घरांना आवडतं. बटाट्याची भाजी, पुऱ्या, आमरसाचा डबा: तिखट नाही, ओळखीचं वाटतं, फसत नाही. पहिल्याच वेळी मिसळ करायला जाऊ नका.

गणपतीत खोलीत निरांजन-उदबत्ती लावायची असेल तर आधी विचारा. खोलीत उघडी ज्योत नको, असं अनेक करारांत लिहिलेलं असतं. बॅटरीचा दिवा खोलीत, खरी आरती सिडनीत ‘मासी’ या मराठी मंडळात किंवा मेलबर्नला महाराष्ट्र मंडळात, असा मार्ग बहुतेक मुलं काढतात.

‘नको’ म्हटलं की नाहीच

आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे नको नसतं. यजमान पुन्हा वाढतो, आपण पुन्हा नको म्हणतो, तिसऱ्यांदा अर्धी पोळी घेतो. ऑस्ट्रेलियात एकदा ‘नो, थँक्स’ म्हटलंत की पातेलं उचललं जातं. मुलं उपाशी झोपतात आणि घरी फोन करून ‘विचारतसुद्धा नाहीत’ म्हणतात. भूक असेल तर पहिल्याच वेळी ‘येस, प्लीज’. पुरे झालं तर ‘आय ॲम फुल, थँक यू’. आवडलं नाही तर चव घेऊन मोकळेपणाने ‘नॉट फॉर मी’ म्हणा. कुणी मनाला लावून घेत नाही. गोड बोलून पाच वेळा तेच खाल्लंत, तर सहाव्यांदाही तेच मिळेल.

‘प्लीज’ आणि ‘थँक यू’चं आपल्याला ओझं वाटतं, घरच्यांना कुठे आपण धन्यवाद म्हणतो? ‘गिव्ह मी वॉटर’ हे आपल्या ‘पाणी दे ना’ इतकंच साधं. पण त्यांच्या कानाला हुकूम वाटतो. ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज’ म्हणा. यजमानांना अंकल-आंटी म्हणू नका, पहिल्या नावानेच हाक मारा. सत्तरीच्या बाईला ‘जूडी’ म्हणताना जीभ अडते, तरी तेच बरोबर. संध्याकाळी ‘टी’ला ये म्हणाले तर चहा नव्हे, जेवण असू शकतं. कुणाकडे ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हणाले तर रिकामं ताट नेऊ नका, एक पदार्थ घेऊन जा.

घरी फोन करायचा तो वेळ बघून. मेलबर्न हिवाळ्यात भारताच्या साडेचार तास पुढे, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास. आई-बाबा रात्री साडेनऊला निवांत बसतात तेव्हा तिथे पहाटेचे दोन किंवा तीन वाजलेले असतात, आणि घराच्या भिंती पातळ प्लास्टरबोर्डच्या. रविवारी भारताच्या दुपारी बाराचा फोन ठरवून टाका.

बिनसलं तर

छोट्या गोष्टी त्याच दिवशी, समोरासमोर, एका वेळी एकच. वायफाय संथ आहे, खोली गार आहे, जेवण कमी पडतं. कोऑर्डिनेटरकडे जायचं ते दोनदा बोलूनही फरक पडला नाही तर, आणि तेही लेखी: तारीख, काय झालं, काय हवं आहे. ‘इट इज नॉट नाइस देअर’ एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नसते. पासपोर्ट ठेवून घेणं, मुलं सांभाळायला किंवा घर झाडायला फुकट राबवणं, खोलीत न विचारता शिरणं, खोलीत किंवा न्हाणीघरात कॅमेरा, करारात नसलेले पैसे रोखीने मागणं, हात लावणं. यातलं काही घडलं की त्याच दिवशी संस्थेच्या विद्यार्थी विभागाला आणि एजन्सीला कळवा. रात्र असली आणि धोका वाटत असला तर आधी बाहेर पडा, मग फोन. तातडीच्या मदतीला ०००, इंग्रजी अडलं तर १३१ ४५० वर दुभाषी मिळतो, लैंगिक किंवा घरगुती अत्याचाराबद्दल बोलायला १८०० ७३७ ७३२. पोलिसांत तक्रार केली म्हणून विद्यार्थ्याचा व्हिसा जात नाही. तशी भीती कुणी घालत असेल तर तीही तक्रारीत लिहा. विद्यापीठानेच दाद दिली नाही तर १ फेब्रुवारी २०२५ पासून नॅशनल स्टुडंट ओम्बड्समन ही विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणारी सरकारी यंत्रणा आहे, तिथे तक्रार फुकट करता येते.

घर सोडताना

नोटीस मेसेजवर नव्हे, ईमेलवर द्या, एजन्सीला प्रतीसह, आणि शेवटचा दिवस कोणता ते तारखेने लिहा. ‘दोन आठवडे’ कुठल्या दिवसापासून धरायचे यावरच वाद होतो. खोलीचे फोटो पहिल्या दिवशी काढले असतील तर आता तेच कोन धरून पुन्हा काढा: गादी, कार्पेट, कपाटाचं दार, खिडकीची चौकट. चादरी धुऊन घड्या घालून ठेवा. टेबलाचा खण, पलंगाखालची जागा आणि फ्रीजमधला तुमचा कप्पा रिकामा करा. अर्धवट लोणच्याची बरणी मागे ठेवू नका, तिचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. किल्ली हातात देऊन ‘मिळाली’ असा मेसेज मागून घ्या. मग बँक आणि विमा कंपनीला नवा पत्ता कळवा. शिक्षणसंस्थेसाठी ७ दिवस आहेतच.